प्रल्हाद, तू 'ठेवू' म्हटलं नाहीस

प्रल्हाद, तू गेल्यावर पोचन्ना मुकादमानं मला देवाजीची जोडी लावून दिली. तुझ्या जागी खांद्यावरच्या बल्लीखाली देवाजी उभा राहिला, मान खाली घालून, कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखा. तुला माहीतच आहे, तो उंच आहे. बल्लीला दोरानं बांधलेला लठ्ठा, म्हणजे सागाचा ओंडका, उचलला तशी बल्ली माझ्या बाजूला उतरली, दोर घसरत घसरत माझ्याकडे आला आणि वजनही त्याच्याबरोबर आलं. ओंडक्यांच्या थप्पीपाशी पोचेपर्यंत माझ्या कमरेत कळ निघाली होती.

"लागलं का भाऊ?" देवाजीनं विचारलं.

मी नाही म्हणालो आणि चहा पिऊन येतो असं सांगून लाकडाच्या डेपोच्या फाटकाबाहेर पडलो. चहा प्यायलो नाही. नुसता आलापल्लीच्या चौकापर्यंत चालत गेलो, तिथं बसमधून उतरणारी माणसं बघितली आणि परत आलो. सध्या माझं असंच चाललंय. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठं जायचं ते सुचत नाही. घरी बायको म्हणते, "जरा एक जगह बैठो." मी बसतो आणि ती स्वयंपाकघरात गेली की पुन्हा उठतो.

विहारात तुझ्या नावानं माणसं जमली तेव्हा सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी उभा राहिलो आणि खाली बसलो. चांगलं बोलायला माझ्याकडेही पुष्कळ होतं, पण तोंडाशी आलं ते भांडण. ते तिथं कसं बोलणार? म्हणून इथं बोलतोय.

आपली जोडी कशी लागली ते आठवतं ना? मी चंद्रपुरातून नवा आलो होतो. बाप सुतार, त्याच्या दुकानात मी सागाच्या फळ्यांना रंधा मारत असे. त्या फळ्या मुळात किती जड झाडाच्या असतात ते मला डेपोत आल्यावर कळलं. पोचन्नानं आम्हा सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि दोघादोघांच्या खांद्यांवर बांबू आडवा ठेवून बघायला लागला. तुझ्या-माझ्या खांद्यावरचा बांबू हललाही नाही. पोचन्ना सिरोंच्याचा, अर्धं तेलुगू, अर्धं मराठी. म्हणाला, "एका ताटात जेवा नाई त जेवू नका, पन खांदा एक पायजे. नाई त एकाची पाठ जाते."

तू माझ्याकडे बघून म्हणालास, "जेवाचं बी पाहू."

त्याच दुपारी तू डबा उघडून माझ्यापुढं सरकवलास. सुमनवहिनींच्या हातची अंबाडीची भाजी होती. ती खात असताना तू मला शिकवत होतास. खाली बसायचं ते गुडघ्यातून, कमरेतून नाही. पावलं फाकवायची. लाकूड पोटाशी घ्यायचं, हात लांब करून उचलायचं नाही. वळायचं असेल तर पाय वळवायचे, कंबर पिळायची नाही. मी हो हो म्हणत होतो. मला वाटत होतं, उचलायला काय शिकायचं, जोर असला म्हणजे झालं. त्या संध्याकाळी मला चप्पल घालायला वाकता येईना. तू माझी चप्पल पायानं माझ्याकडे सरकवलीस. दुसऱ्या दिवसापासून मी गुडघ्यातून बसायला लागलो.

आणि तो तुझा शब्द. पोचन्नाचं 'एत्तु' ऐकलं की सगळ्यांनी मिळून उचलायचं, हे आधीपासून होतं. पण खाली ठेवायचा शब्द नव्हता. ज्याला झेपेना तो दात खाऊन चालायचा, नाहीतर हात सोडून द्यायचा आणि बाकीच्यांच्या पायावर संकट यायचं. मध्येच थांबा म्हणणं म्हणजे बाईमाणूस ठरणं, अशी आमची समजूत. तू ती मोडलीस. एक भला जाड लठ्ठा होता, ट्रक उभा, ट्रकवाला घाई करत होता, आणि अर्ध्या वाटेत तू मोठ्यानं म्हणालास, "ठेवू."

सगळ्यांनी ठेवला. ट्रकवाला धावत आला. "काय झालं?"

"काई नाई झालं," तू म्हणालास. "होनार होतं."

तू टोळीच्या मधोमध उभा राहून घाम पुसलास आणि सांगितलंस, की यापुढं कुणीही 'ठेवू' म्हटलं की ठेवायचं, का म्हणून विचारायचं नाही, हसायचं नाही. हसणारा त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजेल. पहिले काही दिवस कुणी तोंड उघडलं नाही. मग एकदा देवाजी म्हणाला, मग मी म्हणालो. पुढं तर पोचन्नासुद्धा कधीकधी नुसता श्वास घ्यायला 'ठेवू' म्हणायचा. त्या शब्दामुळं आमच्या टोळीत कुणाचे पाय गेले नाहीत, प्रल्हाद. हे मी विहारात सांगायला हवं होतं.

पण तू स्वतः तो शब्द उच्चारल्याचं मला त्यानंतर फारसं आठवत नाही. एवढी वर्षं तुझ्या शेजारी चाललो, आणि आठवत नाही.

देवाजीच्या दिवसाबद्दल आपण कधी नीट बोललोच नाही. थंडीचे दिवस होते, धुक्यानं सगळा माल ओला. ट्रकच्या मागच्या फाळक्याला दोन बल्ल्या तिरप्या लावून त्यावरून लठ्ठा वर चढवत होतो. मी ट्रकवर दोर धरून, तू आणि बाकीचे खालून. सालीचा एक तुकडा सुटून बल्लीखाली गेला आणि बल्ली सरकली. लठ्ठा मागं फिरला. बाकीचे बाजूला झाले, देवाजीचा पाय मात्र बल्ली आणि जमिनीमध्ये अडकला. वरून मला त्याचं तोंड दिसत होतं. तो ओरडतही नव्हता.

तू सब्बल, ती लांब पहार, उचललीस, लठ्ठ्याखाली घातलीस आणि तिच्यावर आडवा झालास. कंबर वाकलेली, अंग पिळलेलं, एक पाय पुढं, एक हवेत. तू आम्हाला जे जे करू नका म्हणायचास ते सगळं त्या एका क्षणात तुझ्या अंगात होतं. वर न बघता तू म्हणालास, "यासीन, दोर गुंडाळ." मी दोर फाळक्याच्या खुंटाला गुंडाळला, हाताची कातडी निघाली. पोचन्ना आणि दुसऱ्यानं देवाजीला बगलेत हात घालून ओढून काढलं. मग लठ्ठा खाली आला, मोकळ्या जमिनीवर, आणि धप्प असा आवाज झाला.

सगळे देवाजीभोवती जमले. त्याचा घोटा सुजला होता, बाकी तो धड होता. कुणीतरी पाणी आणलं. तू सब्बल थप्पीला टेकवून ठेवलीस आणि हसत हसत आमच्याकडे आलास. तुझी एक बाजू खाली झुकलेली होती. मी ते पाहिलं. मला वाटलं, दमला असेल.

नंतर तुझ्या शर्टाच्या खिशात गोळ्यांचं पाकीट दिसायला लागलं. चहाबरोबर एक, जेवणाबरोबर एक. काम जास्त असलं की मध्ये आणखी एक.

"दाखव कोनाले तरी," मी म्हणायचो.

"दाखवलं ना."

"कोनाले?"

"मेडिकलवाल्याले."

तू असं बोललास की सगळे हसायचे, मीही हसायचो, आणि विषय तिथंच संपायचा. चिडवायला तू फार हुशार होतास. तुझ्याशी गंभीर बोलायचं तर तुला एकट्याला गाठावं लागायचं, आणि एकटा तू फक्त बल्लीखाली सापडायचास. तिथं बोलायला दम कुणाकडं असतो?

हायड्रा मशीनचं, म्हणजे लठ्ठे उचलणाऱ्या क्रेनचं, भांडण मात्र आपण मनसोक्त भांडलो. जाड मालासाठी मशीन मागवा, असं मी डेपोच्या साहेबांना सांगून आलो होतो, तुला न विचारता. तू चहाच्या टपरीवर मला अडवलंस.

"काऊन गेला होता तू?"

"तुह्या कमरेसाठी गेलो होतो."

"माह्या कमरेची वकिली करू नको. मशीन आली त अर्धी टोळी घरी बसन. त्यायच्या घरी तू जाशीन का सांगाले?"

"घरी बसतीन, पन बसतीन त सही. पाय तुटून त नाई पडनार."

"यासीन, तू सुताराचा पोरगा आहेस. तुले दुसरं काई येते. आमाले हेच येते."

ते मला लागलं. मी म्हणालो, इतकी वर्षं एका बल्लीखाली चालून अजून मी वेगळा आणि तुम्ही सगळे 'आमी' का? तू चहाचा ग्लास ठेवलास आणि निघून गेलास. पुढं कितीतरी दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. गंमत म्हणजे जोडी तीच होती. 'एत्तु' म्हटलं की दोघंही गुडघ्यातून उठायचो, पावलं जुळायची, थप्पीपाशी एकदम वाकायचो, आणि ठेवून झालं की तोंडं दोन दिशांना. देवाजी म्हणायचा, "हे दोघं अबोल्यात जास्त चांगले चालतेत."

मशीन आली. टोळीतली काही माणसं कमी झाली आणि तेलंगणात मिरची तोडायला गेली, हे तू म्हणाला होतास तसंच झालं. पण जाड लठ्ठ्याखाली माणूस जायचा थांबला, हे मी म्हणालो होतो तसं झालं. तुला मशीनजवळ, चालवणाऱ्याला खुणा करायला उभं केलं. मला वाटलं, तू नाही म्हणशील. तू चुना मागवलास, मशीनच्या फिरण्याएवढी रेघ जमिनीवर मारलीस आणि जाहीर केलंस की लठ्ठा हवेत असताना रेघेच्या आत कुणी यायचं नाही, साहेब असला तरी. एकदा मी विसरून आत आलो. तू हात वर करून मशीन थांबवलीस आणि सगळ्यांसमोर मला म्हणालास, "मरायचं असन त तुह्या चंद्रपुरात जाऊन मर." अबोला सुटला तो असा. मी रेघेबाहेर उभा राहून हसत होतो.

बारीक माल अजून खांद्यावरच जात होता. खुणांचं काम नसलं की तू येऊन बल्लीखाली उभा राहायचास. तू खाली बसताना श्वास रोखतोस, हे मला ऐकू यायचं. मी विचारलं की म्हणायचास, "चाल ना बे."

मग तुझ्या पायाला सूज यायला लागली. मच्छर चावला म्हणालास. चेहरा सुजला, झोप जास्त झाली म्हणालास. शेवटी सुमनवहिनींनी तुला चंद्रपूरच्या बसमध्ये बसवलं आणि मलाही बोलावून घेतलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, दुखण्याच्या गोळ्या किती वर्षं खाता? तू छताकडं बघितलंस. वहिनी माझ्याकडं बघत होत्या. डॉक्टर रागावले नाहीत, हळूच म्हणाले की अशा गोळ्या मनानं वर्षानुवर्षं खाल्ल्या की किडनीवर येतं, दोन्ही फार खराब झाल्या आहेत. कंबर दुखत असताना आला असतास तर कमरेवर उपाय होता.

त्यानंतर बस आणि डायलिसिस, डायलिसिस आणि बस. आष्टीच्या पुढचा रस्ता खड्ड्यांचा, प्रत्येक खड्ड्याला तू समोरची दांडी घट्ट धरायचास. कधी वहिनी सोबत, कधी मी.

त्या वॉर्डातला एक दिवस मला फार आठवतो. शेजारच्या पलंगावर एका भल्या दांडग्या गृहस्थाला स्ट्रेचरवरून घ्यायचं होतं. त्याचे दोन मुलगे घाबरून त्याला दंडाला धरून ओढत होते आणि तो कण्हत होता. तुझ्या हातात नळ्या लावलेल्या. तू उशीवरून मान उचललीस.

"थांबा बाप्पा. मानूस आहे तो, पोतं नाई."

वॉर्डबॉय भाऊ तेवढ्यात आलेच होते. त्यांनी चादर कशी धरायची ते दाखवलं, चार कोपरे, चार माणसं. चौथा कोपरा मला दिला. तू म्हणालास, "दादा, एक-दोन-तीनचा आकडा मी म्हनू का?" ते हसून हो म्हणाले. तू सगळ्यांना गुडघे मोकळे करायला लावलेस, चादर अंगाशी घ्यायला लावलीस आणि मग पोचन्नासारखा आवाज काढून म्हणालास, "एत्तु." कुणाला अर्थ कळला नाही, पण सगळ्यांनी एकदम उचललं. तो गृहस्थ पलंगावर टेकल्यावर डोळे उघडून म्हणाला, "झालं का? मले त समजलंच नाई." वॉर्ड हसला. तुझा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता.

परतताना बसमध्ये मी तुला विचारलं. तू खुशीत होतास म्हणून विचारलं.

"प्रल्हाद, सगळ्यायले तू शिकवलं ठेवू म्हनाले. तू काऊन नाई म्हटलं?"

तू खिडकीबाहेर बघितलंस. मग म्हणालास, "म्हटलं असतं त तुले दुसरी जोडी लागली असती. तुह्या खांद्याचा दुसरा कोन होता टोळीत?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझ्या पाठीसाठी तू तुझ्या किडन्या घातल्यास, आणि मला विचारलंही नाहीस? मी म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात बस थांबली, गर्दी चढली, एका म्हाताऱ्या बाईला मी जागा दिली आणि उरलेला रस्ता उभ्यानं आलो. उतरल्यावर तू दमला होतास. म्हटलं, पुढच्या खेपेला बोलू. पुढच्या खेपेला तू जास्त दमलेला होतास.

एका सकाळी देवाजी तू गेल्याचं सांगायला आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी तशीच ठेवून आलो. तुझ्या अंगणात माणसं जमली होती, वहिनी पांढऱ्या लुगड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. न्यायची वेळ झाली तशी जो तो पुढं सरसावला आणि गोंधळ झाला. पोचन्ना काठी टेकत पुढं आला. रडत होता, पण डोळ्यांनी माणसं मोजत होता. त्यानं आम्हाला उंची बघून लावलं, पुढं हे दोघं, मागं हे दोघं. तुझ्या नातेवाइकांनाही त्यानं बाजूला करून नीट उभं केलं आणि कुणी वाईट वाटून घेतलं नाही. तू अगदी हलका झाला होतास. एवढ्या हलक्या ओझ्याखाली मी कधी इतका वाकडातिकडा चाललो नाही.

आता मागच्या आठवड्यातलं सांगतो. मी वहिनींकडे गेलो होतो, असाच, पाय नेतात तिकडं. तुझा सागाचा दिवाण खोलीतून पडवीत काढायचा होता. तो डोळ्यांसमोर असला की त्यांना झोप लागत नाही. मी एकट्यानंच ओढायला वाकलो आणि तसाच थांबलो. कळ पार पायापर्यंत गेली.

"यासीनभाऊ," वहिनी म्हणाल्या, "कवापासून दुखून राह्यलं?"

"नाई, थोडंसं..."

"कवापासून?"

मी सांगितलं. त्यांनी मला त्याच दिवाणावर बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "उद्या पहिल्या गाडीनं चंद्रपूरले जाऊ. मी बी येईन. तुमी एकटे गेले त अर्ध्यातून वापस येसान."

आम्ही गेलो, माझी बायकोही आली. मला मध्ये आणि बायकोला कडेला बसवून वहिनींनी खिडकीची जागा घेतली. डॉक्टरांनी तपासलं, पाठीचा फोटो काढला. काही महिने वजन उचलायचं नाही, व्यायाम सांगितले आहेत ते करायचे, आणि मनानं एकही गोळी घ्यायची नाही. त्याच संध्याकाळी पोचन्नाला फोन केला. तो म्हणाला, तोवर चुन्याच्या रेघेपाशी उभा राहा. मला ते काम आवडत नाही. दिवसभर नुसतं बघत राहायचं.

परतीच्या बसमध्ये बायकोला डुलकी लागली होती. मी न राहवून वहिनींना विचारलं, की मशीनवरून तू माझ्यावर शेवटपर्यंत रागावलेलाच होतास का.

वहिनी थोडं हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा. म्हणाल्या, "मशीन आली त्या दिवशी घरी येऊन मले म्हने, यासीन बराबर आहे. मी बी काई चुकलो नाई. मी म्हटलं, मंग हेच जाऊन सांगा ना त्यायले, कायले अबोला? त म्हने, सांगून टाकलं त भांडन मिटन. मंग आमी बोलू कायच्यावर?"

उठावंसं वाटलं, पण खिडकीशी वहिनी, दुसऱ्या बाजूला बायको. सागाचं जंगल दोन्हीकडून मागं पळत होतं आणि गाडी आलापल्लीला लागेपर्यंत मला जागेवरून हलता आलं नाही. प्रल्हाद, मिटलं नसतं रे. मी मिटू दिलं नसतं.